एका गच्चीखालचे दोन मीटर

कोपरखैरण्यात बोनकोडे गावाच्या अंगाला सिडकोच्या रो-हाउसांची जी ओळ आहे, तिच्यात शेवाळ्यांचं घर आहे. तळमजल्यावर सितारामराव आणि गोजराबाई, वरच्या मजल्यावर मुलगा निखिल, सून वैशाली आणि आठवीतली नात मैत्री. घर एक, गच्ची एक, पाण्याची टाकी एक, दारावरची पाटीही एकच. मीटर मात्र दोन आणि चुलीही दोन. जगात आधी चुली वेगळ्या होतात आणि मग मीटर. शेवाळ्यांकडे आधी मीटर वेगळे झाले.

तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात सितारामरावांनी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. फाटका हातमोजा परत आणल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं आणि हा नियमही घरी नेऊ दिला. घरात नवा बल्ब हवा असेल तर गेलेला बल्ब दाखवावा लागे. सकाळी दात घासून झाल्यावर लोक सूर्याकडे बघतात, सितारामराव दाराजवळच्या मीटरकडे बघत. सूर्याकडून त्यांना तेव्हा काही अपेक्षा नव्हती.

विजेचे दर जिन्यासारखे असतात. पहिल्या शंभर युनिटांची पायरी बुटकी, पुढची तीनशेपर्यंतची उंच, आणि तीनशेच्या वर गेलं की पाय उचलताना माणूस देवाचं नाव घेतो. गरीब माणसाला महिन्याला किती वीज पुरते हे सरकारने ठरवून ठेवलेलं आहे. त्याहून जास्त वापरली की तो गरीब राहत नाही, निदान बिलात तरी. निखिलचं लग्न झालं, फ्रिज मोठा आला, मैत्रीचा जन्म झाला, तिच्यासाठी गिझर आला, आणि शेवाळे कुटुंब बघता बघता बिलात श्रीमंत झालं.

यावर तोडगा सांगितला कारखान्यातल्या बंडू फोरमनने. घरात दोन मीटर घ्यायचे, खालचा बापाच्या नावावर, वरचा मुलाच्या. वीज तेवढीच, पण दोघंही खालच्या पायरीवर. सितारामरावांना हे फार आवडलं. फक्त एका घरात दोन मीटर हवे असतील तर कुटुंबंही दोन असावी लागत. रेशनकार्ड वेगळं, येण्याजाण्याची वाट वेगळी, चूल वेगळी.

मग रेशनकार्ड विभक्त झालं. बाहेरून लोखंडी जिना आला. आतल्या जिन्याच्या तोंडाला प्लायवूड ठोकलं. वरच्या मागच्या खोलीत कडप्प्याचा ओटा झाला आणि त्यावर दोन बर्नरची शेगडी बसली. गोजराबाईंना हे काही पटेना. त्या माण तालुक्यातल्या. त्यांच्या गावाकडे चूल वेगळी व्हायची तर आधी वर्षभर भांडण, मग पंच, मग भांड्यांच्या वाटण्या, शेवटी एखाद्या पातेल्यावरून रडारड, अशी रीतच होती.

"भांडान नसताना येगळं निघायचं?" त्यांनी विचारलं. "लोक काय म्हनतील?"

हे फक्त कागदावर आहे, असं त्यांना तीन वेळा सांगण्यात आलं. तपासणीच्या दिवशी सकाळी त्या दुधाचं पातेलं घेऊन लोखंडी जिना चढल्या आणि नव्या शेगडीवर दूध उतू जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. नव्या चुलीवर पहिलं दूध उतू घालायचंच असतं. चूल खोटी आसंल, दूध तर खरं हाय, असं त्यांचं म्हणणं. नंतर वैशालीने त्याच शेगडीवर तपासणीच्या साहेबांसाठी पोहे केले. साहेबांनी पोहे खाल्ले, कुटुंबं दोन असल्याचं लिहून घेतलं, आणि दोन्ही कुटुंबांना नमस्कार करून गेले. त्या दिवशी रात्री सगळे खालीच जेवले आणि पोट दुखेपर्यंत हसले.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट.

महिना संपत आला की सितारामराव दोन्ही मीटरांचा अंदाज घेत. खालचा मीटर पायरीला टेकला असेल तर म्हणत, इस्त्री वर करा, वर जागा आहे. इस्त्री वर गेली. पुढच्या महिन्यात मिक्सर वर गेला. चटणी वर वाटायची आणि खाली आणून खायची, असं काही दिवस चाललं. मग चटणीपाशीच भाकरी होऊ लागली. मैत्रीचं दूध वर तापू लागलं. निखिलला तळोज्याच्या कारखान्यात पहाटेची शिफ्ट लागली आणि त्याचा डबाही वर होऊ लागला, कारण भल्या सकाळी खाली खुडबुड करून म्हाताऱ्यांची झोप कशाला मोडा. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण समजूतदार होतं. पाचएक वर्षांनी एकदा सितारामरावांची नजर ताटाळ्याकडे गेली. त्यात दोनच ताटं ओली होती.

भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. पण झालं काहीच नव्हतं. सणावाराला सगळे एकत्र जेवत. एरवी वाट्या वरखाली जात, आणि रिकामी वाटी परत पाठवू नये म्हणून तिच्यात काहीतरी घालून येई. शेजारी घालतात तसं.

सितारामरावांनी हे कोणाला बोलून दाखवलं नाही. स्टोअरमध्ये काय कमी आहे हे स्टोअरकीपरने बोलून दाखवायचं नसतं. पण त्यांना ते लागलं होतं. सत्तरी आली होती, आणि घरातली पाचही ताटं एका वेळी ओली झालेली बघावीत एवढीच आता त्यांची इच्छा उरली होती. ती कशी मागायची, हे त्यांना कळत नव्हतं. मागणीपत्राशिवाय काही मागायची त्यांना सवयच नव्हती.

मागणीपत्र निघालं ते सूर्याच्या नावाने.

दोन्ही मजल्यांवर एसी आले होते, आणि दोन मीटर असूनही उन्हाळ्यात दोन्ही बिलं वरच्या पायरीवर जाऊन बसत. समोरच्या ओळीत एका गच्चीवर निळी पॅनेलं लागली आणि त्या घरचे गृहस्थ शून्याच्या जवळपासचं बिल मोबाइलवर घेऊन फिरू लागले. कोणी विचारलं नाही तरी दाखवत. निखिलने मग सोलरवाल्या सौरभला बोलावलं. सौरभने गच्चीवर टेप धरला, ऊन मोजलं, सावली मोजली. गच्चीचा निम्मा भाग दुपारी दोननंतर शेजारच्या पाच मजली इमारतीच्या ताब्यात जात होता. उरलेल्या निम्म्यात दोन किलोवॅट बसत होते.

खाली येऊन चहा पिता पिता सौरभने नियम समजावले. दिवसा जी वीज जास्त होईल ती कंपनीला द्यायची, संध्याकाळनंतर कंपनीकडून परत घ्यायची, आणि नेट मीटर नावाचा मीटर या देण्याघेण्यावर लक्ष ठेवणार. मार्चअखेर जी शिल्लक उरेल ती कंपनी अगदी पडत्या भावाने घेणार. सरकारी अनुदान आहे, पण गच्ची एक म्हणून ते एकदाच. नेट मीटरही एकाच जोडणीला. गच्चीवरचं ऊन खालीवर दोघांच्या बिलात वाटून देता येत नाही. पाच मिनिटं हिशेब करून सौरभ म्हणाला, "काका, सरळ उपाय सांगू? दोन्ही मीटर एक करा. कुटुंब एकत्र झालं असा अर्ज द्या. वीज कंपनीच्या इंजिनिअर मॅडम येऊन स्वयंपाकघर बघतील, एक चूल दिसली की झालं."

सितारामरावांनी चहाचा कप खाली ठेवला. बारा वर्षांपूर्वी सरकारने कुटुंब मोडायला सांगितलं होतं आणि त्यांनी ते मोडून दाखवलं होतं. आता तेच सरकार कुटुंब जोडायला सांगत होतं. आज्ञाधारक माणसाला यापरतं काय हवं? चेहऱ्यावर काही न दाखवता ते एवढंच म्हणाले की नियम असेल तर पाळावाच लागेल.

निखिलला घाई होती. नियम दर वर्षी बदलतात, असं तो म्हणत होता. पुढे दिवसाची वीज फक्त दिवसाच्याच वापरात धरणार, रात्रीची वेगळी मोजणार, अशी बोलवा त्याच्या कारखान्यात होती. नक्की कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे सगळेच खात्रीने सांगत होते. अर्ज गेला.

मधल्या दिवसांत सितारामराव उत्साहाने कामाला लागले. खालच्या स्वयंपाकघराला रंग काढला. भिंतीला एक जादा फळी मारली. वाशीला जाऊन चार बर्नरची शेगडी आणली. सोलरसाठी गॅसची शेगडी कशाला लागते, हे त्यांना कोणी विचारलं नाही. गोजराबाईंनी शेगडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि त्या भाजी निवडायला बसल्या.

वैशाली खाली आली ती एका दुपारी, मैत्री शाळेत असताना. वैशाली मूळची चिपळूणची, बोलायला कमी. संध्याकाळी ती वर शिकवण्या घेत असे आणि तिचा आवाज खाली ऐकू यायचा तो पाढे म्हणून घेतानाच. ती खुर्चीवर बसली नाही. नव्या शेगडीवरून तिने एक बोट फिरवलं.

"आबा, मीटर एक करा," ती म्हणाली. "मॅडम येतील तेव्हा वरची शेगडी मी झाकून ठेवीन, सिलिंडर बाल्कनीत ठेवीन, सगळे खाली जेवू. पण त्या गेल्या की माझी शेगडी परत ओट्यावर येणार. हे तुम्हाला आधी सांगितलेलं बरं."

सितारामराव म्हणाले की एवढी मोठी शेगडी आणली आहे, दोघी मिळून करतील तर सोपं पडेल.

"तुम्हाला आठवतं का, माझी पहिली दिवाळी?" वैशालीने विचारलं. "मी इथे, या ओट्यापाशी ओलं खोबरं वाटत होते. मिक्सर सुरू केला आणि तुम्ही पेपर ठेवून बाहेर मीटर बघायला गेलात."

"मी काही बोललो नव्हतो."

"नाही बोललात. मी मिक्सर बंद केला की तुम्ही आत यायचात. सुरू केला की बाहेर. चार वर्षं मी घड्याळ लावून खोबरं वाटलं, आबा. रागावला असतात तर मी उलट बोलले तरी असते."

ती वर निघून गेली. तिच्या पायांखाली लोखंडी जिना वाजला. आपण बाहेर जात होतो हे सितारामरावांना आठवत होतं. का जात होतो हेही आठवत होतं. आपण बाहेर गेलेलं कोणी बघत असेल, हे मात्र त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. कारखान्यात स्टोअरच्या खिडकीला जाळी होती. बाहेरच्या माणसाला आतलं फारसं दिसत नसे.

गोजराबाईंना त्यांनी हे सांगितलं, तर त्यांनी मान हलवली. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांचा स्वतःचा मिक्सर लग्नानंतर सोळा वर्षांनी आला होता आणि त्यांनी तो त्यानंतर सात वर्षांनी लावला होता.

तरीही सितारामरावांनी आशा सोडली नाही. खोटं वेगळं निघणं बारा वर्षांत खरं झालं होतं. मग खोटं एकत्र येणंही हळूहळू खरं होणार नाही कशावरून? एकदा मीटर एक झाला, बिल एक आलं, की महिनाअखेर इस्त्री खाली येईल, मग मिक्सर, मग चटणी. आलेल्या वाटेने सगळं परत येईल. यालाही बारा वर्षं लागली तर आपण ब्याऐंशीचे असू, हा हिशेब त्यांनी केला आणि तो त्यांना फार जड वाटला नाही.

एप्रिलमध्ये एका मंगळवारी दुपारी इंजिनिअर मॅडम आल्या. नाव ऋता. हातात फाईल, खांद्याला पाण्याची बाटली, वय मैत्रीच्या शाळेतल्या बाईंएवढं. निखिलने रजा काढली होती, मैत्रीची परीक्षा नुकतीच संपली होती. वर शेगडीवर चादर होती, चादरीवर गणपतीचा फोटो होता, आणि ओट्यावरच देवघर असल्याचा भास होत होता. ऋता मॅडमनी वर एक चक्कर मारली, फोटोला हात जोडले आणि त्या खाली आल्या.

खाली पंगत बसली होती. सितारामराव, निखिल, मैत्री, गोजराबाई आणि वैशालीसाठी मांडून ठेवलेली दोन ताटं, आणि शेजारी मॅडमसाठी एक रिकामं ताट. चारही बर्नर पेटलेले होते. मैत्रीला हसू आवरत नव्हतं, तेव्हा निखिलने तिला कोपर मारलं. सितारामरावांना वाटलं, हेच ते. नाटक तर नाटक, पण घरची पाच ताटं आहेत. त्यांनी वैशालीकडे बघितलं.

वैशाली वाढायला उभी होती. तिने डावासाठी एक खण उघडला, तो रुमालांचा निघाला. दुसरा उघडला, त्यात औषधं. "आई, डाव?" तिने विचारलं. गोजराबाईंनी डाव दिला. आमटी ढवळून तिने मीठ शोधायला एक डबा उघडला, त्यात रवा होता. "आई, मीठ?" मग लोणचं. मग ताटातल्या वाट्या. शेवटी गोजराबाईंनी तिच्या हातातून भांडं घेतलं आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "बस गं तू. मी वाढते की."

वैशाली बाजूला झाली आणि पदर सावरून भिंतीपाशी उभी राहिली. कोणाच्या घरी हळदीकुंकवाला गेल्यावर बायका उभ्या राहतात तशी.

सितारामरावांचा घास हातातच राहिला.

ऋता मॅडमनी दोन घास खाल्ले, आमटी चांगली झाल्याचं सांगितलं आणि डाव्या हाताने फाईल उघडली. "तर आजोबा, कुटुंब एकच, स्वयंपाकघर एकच. बरोबर ना?"

सगळ्यांनी सितारामरावांकडे बघितलं. निखिलने तर मान हलवून उत्तरही सुचवलं.

"दोन आहेत, मॅडम," सितारामराव म्हणाले.

निखिल म्हणाला, "आबा."

"बारा वर्षांपूर्वी एक चूल होती, तेव्हा मी दोन लिहून दिल्या," सितारामराव ताटाकडे बघत म्हणाले. "आता दोन आहेत. एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलंय मी. जो माल नाही त्यावर सही करायची, हे एकदा झालं तेवढं पुरे. वर त्या गणपतीखाली शेगडी आहे. तिची आहे. तिला राहू द्या."

ऋता मॅडमना यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी एक ओळ खोडली, दुसरी लिहिली.

"मी दिवसाला सहा घरं बघते," त्या म्हणाल्या. "मी जाते त्या दिवशी सगळीकडे सगळे एकत्रच जेवत असतात." मग त्यांनी निखिलला समजावलं की मीटर एक होणार नाहीत, पण सोलरला त्याने काही अडत नाही. एकाच मीटरवर घ्यावं लागेल, एवढंच. कुठल्या मीटरवर घ्यायचं ते घरच्यांनी ठरवावं. जिथे वापर जास्त तिथे फायदा जास्त.

वापर वर जास्त होता. पण गच्ची सितारामरावांच्या नावावर होती, आणि वरच्या मीटरला ती वापरायला द्यायची तर मालकाचं संमतीपत्र हवं होतं. म्हणजे अख्खं ऊन वर जाणार आणि खालचं बिल जसं होतं तसंच राहणार. निखिलने हे बापाला दोनदा सांगितलं, कारण बापाला ऐकू आलं नसावं अशी त्याला शंका आली. सितारामरावांनी हात धुतला, चष्मा लावला आणि गच्चीच्या वापरास आपली हरकत नसल्याचं लिहून दिलं. कशाच्याही बदल्यात काहीही परत न घेता त्यांनी आयुष्यात दिलेली ही पहिलीच वस्तू. मॅडम गेल्यावर गोजराबाईंनी फक्त एकच विचारलं, की आता त्या चार बर्नरचं काय करायचं. वैशाली आपलं ताट उचलून वर गेली.

पॅनेलं मे महिन्यात बसली. पावसाळा ढगांत गेला आणि ऑक्टोबर आला तसा सूर्य खऱ्या अर्थाने कामावर रुजू झाला. दिवसाची वीज दिवसाच धरणार की नाही, याबद्दल अजून खात्रीच्या बातम्या येत होत्या आणि दर पंधरवड्याला त्या वेगळ्या असत. निखिल कारखान्यात, मैत्री शाळेत, आणि भर दुपारी वरच्या मजल्यावर माणूस एक आणि वीज दीड किलोवॅट, अशी अवस्था आली. वैशालीने जन्मात कधी मीटरकडे बघितलं नव्हतं. आता तिच्या मोबाइलमध्ये गच्चीवर या क्षणी किती वीज होते आहे ते दिसू लागलं आणि ती भाजी चिरता चिरता त्याच्यावर नजर टाकू लागली. तिने विजेची शेगडी घेतली. कपडे दुपारी धुऊ लागली. आणि एका दुपारी जिन्याच्या कठड्यावरून वाकून तिने हाक मारली की आबा, आई, जेवायला वर या, इकडे एवढी वीज फुकट कंपनीला चालली आहे.

सितारामराव आणि गोजराबाई कठडा धरून वर गेले. चौदा पायऱ्या. वैशालीने त्यांना टेबलापाशी बसवलं. दुसऱ्या दिवशीही हाक आली. तिसऱ्या दिवशी गोजराबाईंनी खाली कुकर लावलाच नाही. मग तो परिपाठच झाला. दुपारी बारानंतर हाक, जिना, जेवण. रात्री ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या मजल्यावर.

सितारामरावांना बरं वाटत होतं आणि बरं वाटतही नव्हतं. जेवायला आपल्याला बोलावतात ते आपल्यासाठी, की युनिटांसाठी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. उरलेली वीज कोणाच्या तरी तोंडी लागावी म्हणून बोलावलं, तर त्यात वाईट काही नाही. त्यांनी स्वतः आयुष्यभर काहीही वाया जाऊ दिलं नव्हतं. तरी ते कोड्यात पडत. गोजराबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की बोलावतीय नव्हं, मग जेवा. विचारायचं असेल तर वैशालीलाच विचारायला हवं होतं, आणि आता तरी एवढी अक्कल त्यांना आली होती की काही गोष्टी विचारायच्या नसतात.

मग दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी सकाळपासून सगळ्या सेक्टरची वीज गेली. सूर्य डोक्यावर होता आणि गच्चीवर पॅनेलं तापत होती, पण वीज नव्हती. कंपनीची लाइन बंद झाली की सोलरही आपोआप बंद पडतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला झटका बसेल. सौरभने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा कोणी लक्ष दिलं नव्हतं, तरी सितारामरावांनी ऐकलं होतं.

साडेअकराला ते उठले. गोजराबाईंना म्हणाले की आज काही वर जायचं नाही, वीजच नाही तर वाया काय जाणार, तू भात लाव. गोजराबाईंनी भात लावला. घाम पुसत पुसत दोघं खाली बसली. चार बर्नरच्या शेगडीवर एकच बर्नर पेटलेला होता.

सव्वाबाराला जिना वाजला. वैशाली अर्ध्या जिन्यावर येऊन उभी होती, कपाळाला घाम, ओढणी कमरेला खोचलेली.

"आबा, अजून आला नाहीत? पानं घेतलीत मी."

"आज वीज कुठंय?" सितारामराव म्हणाले.

"गॅस आहे की," वैशाली म्हणाली आणि परत वर गेली. तिने ते फार साधेपणाने म्हटलं. वर काहीतरी करपत असावं, असं तिच्या घाईवरून दिसत होतं.

गोजराबाईंनी भाताचं भांडं फडक्यात धरलं. सितारामरावांनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि कठडा न धरता जिना चढले. वर सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, शेजारच्या इमारतीतले कुकर इथे ऐकू येत होते. वैशालीने पेपराची घडी गोजराबाईंच्या हातात वारा घालायला दिली आणि आमटी वाढली.

सितारामरावांनी पहिला घास घेतला. महिनाभर ते इथे रोज "छान झालंय" म्हणत आले होते. पाहुणा दुसरं काय म्हणणार?

"तिखट जास्त झालंय," ते म्हणाले.

गोजराबाईंचा वारा थांबला.

"बरं. मग भात जास्त घ्या," वैशाली म्हणाली आणि गोजराबाईंनी आणलेल्या भांड्यातला भात तिने त्यांच्या ताटात वाढला. "आणि उद्या सकाळी खोबरं खोवून द्यायला या. रोज मी एकटीच खोवते."